उजवा पाय

माझे अब्बा सिंदेवाहीत शिंपी होते. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगावी नाटकं लागतात, आणि त्या नाटक मंडळ्यांचे कपडे अब्बांकडे शिवायला येत. राजाचा अंगरखा, फौजदाराची वर्दी, नायिकेचं जरीचं ब्लाउज, सगळं आमच्या एकाच मशीनवर. त्या कपड्यांच्या ढिगात मी लहानाचा मोठा झालो आणि शेवटी त्याच कपड्यांत शिरलो. गेली पंचवीसेक वर्षं मी नाटकांत विनोदी कामं करतो. पोस्टरवर फोटो नायकाचा मोठा असतो आणि थांबवून सेल्फी लोक माझ्यासोबत काढतात, यावर मी जन्मभर कुरकुरत आलो आहे.

माझं भांडवल म्हणजे नक्कल. माणूस माझ्यासमोर चार पावलं चालला, की तो मी तुम्हाला चालून दाखवणार. तलाठी, वैद्य, बँकेतला शिपाई, मंडळीच्या मालकाची बायको, कोणालाही मी सोडलेलं नाही. अब्बांना हे आवडत नसे. त्यांच्याकडे एक गिऱ्हाईक होतं, त्याचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली उतरलेला. अब्बा त्याच्या सदऱ्यात आतून कापडाची गादी भरत, म्हणजे दोन्ही खांदे सारखे दिसत. ही गोष्ट त्यांनी अम्मीलाही सांगितली नव्हती. मी दुकानात बसत असे म्हणून मला कळली, आणि मी शाळेत जाऊन त्या माणसाची नक्कल केली. अब्बांनी मला तेव्हा मारलं नाही. नुसतं म्हणाले, "बेटा, लोग अपना बदन हमारे भरोसे छोड़ते हैं." मला वाटलं, म्हातारा उगाच मोठं मोठं बोलतो.

होळीनंतर नाटकांचा हंगाम संपतो आणि आम्ही कलाकार मंडळी घरी बसून बायकोच्या शिव्या खातो. अशाच एका रिकाम्या उन्हाळ्याच्या तोंडावर शहरातल्या एका संस्थेची मुलगी मला शोधत घरी आली. पुण्याकडची होती, मला दादा म्हणायची, मी तिला ताई. तिला हवामान बदलावर नाटक हवं होतं, पण भाषण नको होतं. तिची पद्धत मला नवी होती. नाटक चाळीस मिनिटं चालवायचं आणि ऐन अडचणीच्या जागी थांबवायचं. मग प्रेक्षकांना विचारायचं, आता या माणसानं काय करायला हवं होतं? ज्याला काही सुचेल त्यानं पुढे यायचं, नटाच्या हातातली वस्तू घ्यायची आणि त्याच्या जागी उभं राहून ते करून दाखवायचं. त्यातून गाव आपसात बोलायला लागतं, असं ताईचं म्हणणं होतं. मला ते पटलं. खरं सांगायचं तर रिकाम्या दिवसांत काहीही पटतं.

नाटक लिहायच्या आधी गावात राहायचं, ही तिची दुसरी अट. गडचिरोलीच्या बाजूला जंगलाला लागून असलेल्या एका गावात आम्ही चार दिवस राहिलो. मोहफुलांचे दिवस होते. तिथे मला ती बाई भेटली. साठीच्या पुढची, एकटी, अंगानं काटक, आणि बोलायला मिळालं की न थांबणारी. पहिल्याच दिवशी म्हणाली, "नाटकवाले ना तुमी? मंग चला माह्यासंगं. घरात बसून का समजते?"

जंगलात तिची पाच मोहाची झाडं होती. तिची म्हणजे कागदावर नव्हेत. तिथे प्रत्येक घराची झाडं ठरलेली असतात, आजोबा-पणजोबांपासून. तुमच्या झाडाखाली पडलेलं फूल तुमचं, त्याला दुसरा हात लावत नाही. नवरा गेल्यानंतर ही पाच झाडंच तिचं घर चालवत होती. रोज उजाडताना ती टोपली घेऊन निघायची. तिचा एक गुडघा पार गेला होता. चालताना एक पाय ओढत, कंबर बाजूला टाकत चालायची, आणि चढ आला की त्या पायाशी बोलायची, "चाल बाप्पा, चाल. घरी गेल्यावर तुले तेल लावीन." मी पुढे चालायचो आणि वळून वळून तिच्याकडे बघायचो. तिला वाटायचं मी तिच्यासाठी थांबतोय. मी तिला गोळा करत होतो.

चार दिवसांत तिनं मला जे दाखवलं, त्याचंच खरं तर नाटक व्हायला हवं होतं. "आधी या दिवसात पहाटेले पांघरून लागे," ती म्हणायची, "तवा फूल टपटप पडे. आता रात्रीही गरमच. फूल झाडावरच सुकून राह्यलं." वाळत घातलेल्या फुलांवर भर मोहाच्या दिवसांत गारा पडल्या होत्या, लागोपाठ दोन वर्षं. सगळं फूल अंगणात काळं पडून सडलं. तिनं सडलेल्यातली मूठभर फुलं एका डब्यात ठेवली होती, कोणी विचारलं तर दाखवायला. कोणी विचारलं नव्हतं. डबा माझ्यापुढे धरून तिनं विचारलं, "आमचं का चुकलं भाऊ, झाडाले राग यावा असं?" ताई जंगलात आली नव्हती, बाईला तिनं अंगणात बसलेलीच पाहिलं होतं; तिनं ते वहीत लिहून घेतलं. मी मात्र तिच्या हाताकडे पाहत होतो. डाव्या मनगटापासून कोपरापर्यंत कातडी आक्रसलेली होती.

शेवटच्या सकाळी आम्ही दोघंच झाडाखाली होतो. मी हाताचं विचारलं. गावाला तिनं पेज सांडली म्हणून सांगितलं होतं. खरं वेगळं होतं. फुलं वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाला साफ करावा लागतो. ती नेहमी झाडूनच करायची. पण काही वर्षांपूर्वी गुडघा इतका सुजला की वाकता येईना, म्हणून तिनं पाल्याला काडी लावली. वारं सुटलं. पळसाची फांदी घेऊन ती एकटी त्या जाळाला बडवत राहिली, त्यात हात भाजला. आग टेकडीवर चढली आणि तिच्या दिराच्या घरची दोन जुनी झाडं उभीच्या उभी जळून पडली. तेंदूपत्ता चांगला फुटावा म्हणून कोण्या ठेकेदाराच्या माणसांनी आग लावली असेल, असं गाव धरून चाललं. तिनं ते तसंच चालू दिलं.

"तुमी बाहेरचे म्हनून सांगितलं," ती म्हणाली. "गावात नका बोलू."

मी म्हणालो, "नाई बोलत, बाई."

तेव्हा मी खोटं बोलत नव्हतो. खोटेपणा नंतर आला, तोही हळूहळू, मला सोयीचा होईल तसा.

लिहायला बसलो तेव्हा रात्रीच्या गरमीचं नाटक कसं करायचं ते मला सुचेना. झाडावर सुकणाऱ्या फुलावर कोण हसणार? डब्यातल्या काळ्या फुलांवर कोण हसणार? आणि हसू नसेल तर मला स्टेजवर काही येत नाही. आग मात्र सोपी होती. लुगडं नेसून, टोपली घेऊन, पाय ओढत येणारी एक म्हातारी, आपल्याच गुडघ्याशी गप्पा मारणारी, आळसापायी पाल्याला काडी लावणारी. हो, आळसापायी. सुजलेला गुडघा मी चालीपुरता ठेवला आणि कारणातून काढून टाकला, कारण दुखण्यावर लोक नीट हसत नाहीत. मी कुठे तिचं नाव घेतोय, असं मी स्वतःला सांगितलं.

नाटक चाललं, आणि कसं चाललं! जिवतीच्या बाजूला डोंगरावरच्या गावांत लोक हसून हसून डोळे पुसत होते. राजुऱ्याजवळ प्रयोग झाला तेव्हा बाजूच्या रस्त्यानं कोळशाचे ट्रक जात होते, एकामागून एक, आणि त्यांची काळी धूळ आमच्या सतरंजीवर बसत होती. मी लुगड्याचा पदर नाकाला लावला आणि त्या बाईच्या आवाजात म्हणालो, "चाल बाप्पा, चाल." लोक खूप हसले. कोळशाच्या गावात जाऊन मी जगाच्या गरमीबद्दल बोलायला एका म्हातारीच्या हातात काडीपेटी दिली होती, आणि त्या दिवशी मला फक्त एवढंच दिसलं की हशा बरोबर जागेवर आला. आज ते आठवलं की कान तापतात.

मे महिना संपत आला तेव्हा ताई म्हणाली, ज्यांच्याकडून आपण घेतलं त्यांना दाखवलंच पाहिजे. संस्थेचे पाहुणेही येणार होते, त्यांनाही तेच गाव दाखवायचं ठरलं. मी दोन-तीन सबबी सांगितल्या. ऊन फार आहे, ढोलकीवाला आजारी आहे. ताईनं सगळ्या निकालात काढल्या. मग निघायच्या आदल्या दिवशी तिनं मला सरळ विचारलं, "दादा, तुमच्या नाटकातली बाई त्या गावातली आहे का?"

तिला काही तरी वाटलं असणार. मी म्हणालो, "नाही हो ताई, अशा बाया गावोगावी असतात."

मला चाल बदलता आली असती. हे मी पुन्हा पुन्हा स्वतःला विचारलंय. लंगडणं काढून तिला घाईची चाल द्यायची, गुडघ्याऐवजी टोपलीशी बोलायला लावायचं, दहा मिनिटांचं काम होतं. रस्ताभर गाडीत मी त्याचाच विचार करत होतो. पण हसू त्या चालीत होतं. पाहुण्यांसमोर हशा पडला नसता तर? म्हणून मी चाल तशीच ठेवली. ही चूक नव्हती. चूक नकळत होते.

दुपारी चारच्या सुमारास ग्रामपंचायतीसमोर कडुनिंबाखाली खेळ सुरू झाला. पाहुणे खुर्च्यांवर, गाव खाली. ती बाई बायकांच्या घोळक्यात पुढेच बसली होती. मला बघून तिनं हात हलवला. शेजारणीला काही तरी सांगितलं, बहुतेक हेच की हे भाऊ माझ्यासोबत जंगलात आले होते.

मी लुगडं नेसून आलो आणि ती सगळ्यात आधी हसली. बाप्या माणूस लुगड्यात दिसला म्हणून हसली. मग मी चाललो. बायकांना आधी कळलं. एकीनं तोंडाला पदर लावला, दुसरीनं मागे वळून पाहिलं, आणि मग सगळ्याच तिच्याकडे बघून हसायला लागल्या. तीही हसत राहिली, थोडा वेळ. "घरी गेल्यावर तुले तेल लावीन," असं मी म्हटलं आणि तिचं हसू थांबलं. मी काडी ओढायचा अभिनय केला. तिनं डावा हात पदराखाली घेतला. ते मला दिसलं. आणि दिसूनही मी पुढचं वाक्य म्हटलं, कारण त्याच्यावर हशा होता.

ठरल्या जागी नाटक थांबलं. ताई पुढे आली आणि तिनं विचारलं, "आता या बाईचं काय करायचं? हिनं काय करायला हवं होतं?"

एवढी चर्चा कोणत्याच गावात झाली नव्हती. माणसं उठून उठून बोलत होती. एक म्हणाला, असं करणाऱ्याची झाडं काढून घ्यावी. दुसरा म्हणाला, ग्रामसभेत उभं करावं. कोणीतरी त्या जुन्या आगीची आठवण काढली. तिचा दीर मागच्या बाजूला उभा राहून तिच्याकडे पाहत होता. ताई आनंदानं भराभर लिहीत होती. मग ती म्हणाली, "नुसतं सांगू नका. ज्याला वाटतं त्यानं पुढे या, हिची जागा घ्या."

ती बाई उठली.

सतरंजीपर्यंत यायला तिला वेळ लागला. आता कोणी हसत नव्हतं. तिनं माझ्या हातातली टोपली घेतली, नियमाप्रमाणे, आणि हळू आवाजात म्हणाली, "पाय उजवा आहे, भाऊ. डावा नाई."

मी खाली पाहिलं. तिला चालताना मी समोरून पाहिलं होतं, आणि आरशात दिसावा तसा उलटा पाय उचलला होता. महिनाभर मी चुकीच्या पायानं तिला चालवत होतो आणि नकलेबद्दल टाळ्या घेत होतो.

मग ती गावाकडे वळली. पदराखालचा हात बाहेर काढला. "मीनंच लावली होती," ती म्हणाली. "त्या साली पाला झाडाले कंबर लवत नव्हती. भाऊजी, तुमचे दोन झाडं माह्याच हातानं गेले."

दीर खाली मान घालून उभा होता. आणि खुर्च्यांवरच्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, गावातली एक बाई पुढे येऊन किती छान काम करून गेली. मी तिथेच, लुगड्यात, त्यांच्यासमोर उभा होतो. पुढे होऊन ते थांबवावं, एवढंही माझ्याच्यानं झालं नाही.

बाई टोपली खाली ठेवून घराकडे गेली. मी तिच्या मागे गेलो नाही. पाहुणे चहा घेत होते, त्यांना माझ्याशी बोलायचं होतं, आणि मी त्यांच्याशी बोललो.

परतताना गाडीत मी ताईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "दादा, मी तुम्हाला विचारलं होतं." एवढंच. तिनं तो प्रयोग नंतर कुठेही केला नाही. संस्थेनं मात्र त्या दिवसाचा फोटो छापला, टोपली घेतलेली बाई आणि बाजूला लुगड्यातला मी, खाली मजकूर की नाटकामुळे गाव मोकळेपणानं बोलू लागलं. तो कागद माझ्याकडे आहे. फाडून टाकावा असं अनेकदा वाटलं, पण फाडला तर मी स्वतःवर आणखी एक मेहरबानी केली असं होईल.

पाऊस लागायच्या आधी ग्रामसभा बसली. तिच्या पाच झाडांपैकी दोन दिराच्या घरी गेली. जाळली त्याच्या बदल्यात. गावानं अन्याय केला असं मला म्हणता येत नाही, हिशेब त्यांच्या रीतीनं बरोबरच होता. पण तो हिशेब मांडायला मी तिला न विचारता तिला लोकांसमोर उभं केलं होतं, आणि त्या सगळ्या चर्चेत रात्री गरम का झाल्या, फूल झाडावर का सुकतं, गारा कुठून आल्या, हे एकानंही विचारलं नाही. काळ्या फुलांचा डबा तिच्या घरातच राहिला. गावाला बोलतं करायला आम्ही गेलो होतो, आणि बोट दाखवायला एक बाई पुरली म्हणून बाकी सगळं सुटून गेलं.

अब्बा असते तर त्यांना काय सांगितलं असतं, याचा मी विचार करतो. त्यांनी आयुष्यभर लोकांचे वाकडे खांदे सदऱ्याच्या आत झाकले. मी त्यांच्याच दुकानात बसून उलटं शिकलो.

पुढच्या मोहाच्या दिवसांत मी गेलो. कोणी पाठवलं नव्हतं. पहाटेच्या बसनं उतरून सरळ जंगलात गेलो, झाडं मला माहीत होती. ती तिसऱ्या झाडाखाली बसून फुलं वेचत होती. पलीकडची दोन झाडं आता तिची नव्हती. तिथे दिराची सून पाला झाडत होती. माझी पाठ करून ठेवलेली माफी तोंडातून धड बाहेर आली नाही. मी म्हणालो, "बाई, माझं चुकलं. मी शब्द दिला होता."

"हो," ती म्हणाली.

तिनं मला बसायला सांगितलं. बायकोची चौकशी केली, बस वेळेवर होती काय ते विचारलं. मी फुलं वेचू लागलो तेव्हा तिनं अडवलं नाही. यंदा फूल कसं आहे, मी विचारलं. "ठीक आहे," म्हणाली. गारा? "नाई." गुडघा? "ठीक आहे." गेल्या वर्षी हीच बाई एका फुलावर अर्धा तास बोलली होती. आता माझ्या प्रत्येक प्रश्नाला एकेक शब्द मिळत होता, पाहुण्याला द्यावा तसा, नीट आणि मोजका.

ऊन चढलं. दिराची सून टोपली डोक्यावर घेऊन गेली. आमचीही टोपली भरली होती, वेचायला आणखी काही उरलं नव्हतं.

मी उठलो. "चला बाई, टोपली मी घेतो."

"तुमी व्हा समोर," ती म्हणाली. "मी येतो मागून."

मी थांबलो. ती बसूनच राहिली, रिकाम्या जमिनीवर हात फिरवत, जणू अजून फुलं होती. तिचा उजवा पाय पुढे सरळ पसरलेला होता. मी आणखी थोडा वेळ उभा राहिलो आणि मग मला कळलं, माझ्यादेखत ती उठून चालणार नव्हती. मी निघालो. वळणापर्यंत गेल्यावर राहवलं नाही म्हणून एकदा मागे पाहिलं. ती तशीच बसलेली होती, माझ्याकडे बघत, मी दिसेनासा व्हायची वाट पाहत.